वळणावरचा ‘हव’

अवं तो पेच नको काढू, तो बरोबर आहे — सकाळपासून सगळ्याईनं काढला अन् सगळ्याईनं बसवला, आता त्याचे आटेच गेले असतीन. बिघाड आतमध्ये आहे, मी सांगून राहिलो नं तुले. बस इथं, ह्या बोरीच्या सावलीत. सावली कसली म्हणा, नुसती काट्याची जाळी आहे, पण प्रेमानंदनं त्याच्या गॅरेजमधली जे खुर्ची मले दिली ते एका पायानं लंगडी, तिच्यापेक्षा बोर बरी. तू रामदासपेठेतून आली म्हणते? स्कूटरवर? एवढ्या धुळीत? अन् तुह्या दुकानदारानं पोरगी काहून पाठवली, माणूस नव्हता का त्याच्याकडे — बरं बरं, पेचकस असा नको दाखवू माह्याकडे. आमचीही गाडी पोरगीच चालवते. ते पाह्य, तिकडे तंबूजवळ, निळी गाडी अन् बोनेट पांढरं — ते नूपुर, माही नात. बोनेट दुसऱ्या गाडीचं आहे. इंजिन तिसऱ्या गाडीचं असन तरी मले आश्चर्य नाही. पण चालवणारी अख्खी आमचीच आहे, पारशिवनीची.

तुहं नाव काय म्हटलं? देवकी. ठीक आहे. तं देवकी, तुले हा बोलाचा डबा, वॉकीटॉकी, दुरुस्त कराले बोलावलं, पण डब्याचं काम काय हे कोणी सांगितलं का? नसन सांगितलं. प्रेमानंद सांगत नाही, तो ओरडते. गाडीचा सगळा जिम्मा त्याच्याकडे आहे, टायर, पेट्रोल, माणसं — म्हणून तो गाडीवर ओरडते, टायरवर ओरडते, माह्यावर ओरडते. मी सांगतो. हा जो मातीचा ढिगारा आहे नं आपल्यापुढे, ह्याच्याभोवती रस्ता वळते. इकडून येणाऱ्या गाडीले पलीकडचं काहीच दिसत नाही. अन् गाड्या एकामागं एक सोडतेत, मधी थोडी जागा ठेवून. आता पुढची गाडी पलीकडे मातीत फसली असन, आडवी झाली असन, नाही तं उमरेड रोडवरून बकऱ्या आल्या असतीन — तिले कसं ठाव होईन? म्हणून मी इथं. नूपुर वळणाच्या अगोदर ह्या डब्यातून विचारते, आबाजी, मोकळं? मी पलीकडे पाहतो अन् सांगतो. मोकळं असन तं ते रेसवरून पाय न काढता निघते सुसाट. एवढंच काम. पण हे काम नाही झालं तं बाकी सगळ्याईचं काम मातीत, समजलं?

अन् सकाळपासून होऊन काय राहिलं — ते विचारते, मी सांगतो, अन् ते बरोबर तिथं, वळणाअगोदरच्या चुन्याच्या रेघेवर, कचकन् ब्रेक मारते. रस्ता मोकळा. खडा नाही रस्त्यावर. तरी ब्रेक. मंग पुन्हा गिअर, पुन्हा रेस, तोवर बाकीचे पुढं. सरावाच्या प्रत्येक चक्करीले तेच. दुपारची शर्यत आता लागनच, अन् अशीच थांबत राहिली तं सगळ्याच्या मागं येईन. अवं, पोरगी वर्षभर ह्या दिवसासाठी झोपली नाही धड.

प्रेमानंदनं काय काय नाही केलं. पहिले म्हणे लग्नामुळे होते. हसू नको, खरं सांगतो — तो पलीकडे लॉन आहे नं, जिथं भोंगा वाजून राहिला, तिथल्या वाढप्याईकडे हेच डबे. त्याईचं आम्हाले ऐकू ये अन् आमचं त्याईले. नूपुर वळणावर येऊन राहिली अन् डब्यातून आवाज काय, तं मठ्ठा सरला, मठ्ठा पाठवा. इकडून प्रेमानंद ओरडला, डाव्या बाजूचा काढून टाका, तो घासून गेला — टायरचं बोलून राहिला होता तो — तं तिकडून एक बाई घाबरून विचारते, डाव्या बाजूचे म्हणजे नवरीकडचे का हो? आता सांग. प्रेमानंदले वाटलं, त्या गडबडीत कोणी ‘थांबवा, वरात थांबवा’ म्हटलं असन अन् आमची पोरगी थांबली असन. चॅनल बदलला. लग्न गेलं, ब्रेक नाही गेला. मंग बॅटरी बदलली. मंग हे वरचं शेपूट बदललं — अँटिना, हव, तेच. मंग तिच्या हेल्मेटातलं कानाचं यंत्र बदललं. आता एकच वस्तू बदलाची राहिली.

मी.

हव, मी. हसू नको म्हटलं नं. प्रेमानंदचा भाचा आहे एक, ऋषिकेश. हेडफोन गळ्यात घालून हिंडते जसा काही डॉक्टर. त्याले इथं बसवाचं ठरवून राहिले ते. माह्यासमोर नाही बोलले, पण माहे कान चांगले आहेत — अन् बाप्पा, सकाळपासून मी त्याईच्याच चॅनलवर आहे, माह्यामागं बोलाचं तरी कुठं बोलतीन ते? सगळंच ऐकू येते. प्रेमानंद म्हणे, ते दुकानाची पोरगी येऊन डबा पाहीन, डबा खराब निघाला तं दुसरा देऊ आबाजीले, अन् डबा चांगला निघाला तं आबाजीले चहा पाजून तंबूत बसवू. चहा पाजून. मी काय पाहुणा आहे?

म्हणून मी तुले म्हणून राहिलो, तो पेच नको काढू. काही पाहाची गरजच नाही. तू तिकडे जाऊन एवढंच म्हणाचं — डबा खराब. बस. दोन शब्द आहेत. खोटं नाही, खराबच आहे, कडेनं फुटला पाह्य थोडा. तो मीच आपटला, पण फुटला तं आहे नं.

काय? पोरगी काय म्हणते? विचारलं नं तिले. सगळ्याईनं विचारलं. ते म्हणते, आवाज फाटून येते, समजत नाही, म्हणून थांबते. दर वेळी तेच सांगते, आवाज फाटून येते. मंग बिघाड कोणाचा झाला? डब्याचा. ते स्वतः सांगून राहिली. मधी पाण्याची बाटली घेऊन आली होती इथवर, हेल्मेट काखेत, सगळं तोंड मातीनं भरलेलं, फक्त डोळे पांढरे. मले म्हणे, आबाजी, तुम्ही ओके म्हणून पाहा नं एकदा. मी म्हटलं, मी काहून ओके म्हणू, मी बसचा कंडक्टर आहे का? ओके तो ऋषिकेश म्हणन. तिनं बाटलीचं झाकण लावलं अन् गेली.

बहिरा नाही मी. अन् डोळ्यानंही दिसते, हे तुले सांगून ठेवतो, त्याईनं विचारलं तं सांग. सकाळच्या पहिल्या चक्करीले पलीकडे एक जीप आडवी झाली होती, चाकं वर, कोणी पाहिलं? मी पाहिलं. नूपुरनं विचारलंही नव्हतं अजून, मी बटन दाबून ओरडलो अन् ते थांबली, तिच्या बोनेटात अन् जीपीत माही काठी मावली नसती. तेव्हा ऐकू आला माहा आवाज, तेव्हा फाटला नाही. प्रेमानंद पळत आला, माह्या पाया पडला. आता तोच चहा पाजून राहिला.

मी बोलतो काय? बोलतो काय म्हणजे, साधं आहे. ते म्हणते मोकळं का, मी म्हणतो हव. आता ‘हव’मध्ये काय आहे न समजाले? जन्मभर तेच म्हणलं. बायकोनं विचारलं जेवले का, हव. मास्तरनं विचारलं शाळा सोडली का, हव. हो म्हणाची आपल्याकडे रीतच नाही, होऽ तं बैलाले म्हणाचं असते. माणसाले हव.

बैलाले काहून? अवं थांबवाले. शहरातली आहे का तू अख्खी? बैल उधळला, थांबवाचा आहे, तं पोटातून म्हणाचं — होऽऽ. असा लांब. चांगला बैल असन तं तो कासरा ओढाच्या अगोदर थांबते. मी शंकरपटाचा धुरकरी होतो, बैलाच्या शर्यतीत गाडी हाकणारा, तुले माहीत नसन, तुह्या बापाले विचार. दोन बैल, एक हलकीशी गाडी, अन् समोर रान मोकळं. पाखऱ्या अन् कैऱ्या माही जोडी. पारशिवनीच्या पटात आमची जोडी सुटली तं लोक बिडी पेटवाची विसरत. ब्रेक नव्हता त्याले, पांढरं बोनेट नव्हतं, हेल्मेट तं फटफटीवर नव्हतं तेव्हा. अन् ही नूपुर एवढीशी होती, माह्या दोन पायाच्या मधी बसे. हिची माय मले शिव्या दे. मी म्हणो, बसू दे, पडली तं माह्या आंगावर पडन. कासरा तिच्या हातात देत होतो मी, टोकाकडून. एक दिवस नहराच्या कडेनं चाललो तं कशानं तरी पाखऱ्या बुजला अन् जोडी सरळ पाण्याकडे. माहा हात जूवाच्या दोरीत अडकलेला. मी एवढंच केलं — होऽऽ म्हटलं. अन् ह्या पोरीनं दोन्ही हातानं कासरा असा पोटाशी ओढला, पूर्ण मागं निजली ते माह्या छातीवर. जोडी थांबली. पुढचे पाय काठावर. त्या दिवसापासून तिले शिकवून ठेवलं मी, रोज, पाढे म्हणवतेत तसं — होऽ ऐकलं की विचार नाही कराचा. अगोदर ओढाचं, थांबाचं, मंग विचाराचं काहून. शाळेत तिले काय शिकवलं मले ठाव नाही, पण हे मी शिकवलं. आजही झोपेत तिच्या कानापाशी होऽ म्हण, पाय ताठ करन ते.

काय झालं? अशी काहून पाहून राहिली? — अवं कुठं चालली? माहा डबा घेऊन कुठं चालली? ढिगाऱ्याच्या मागं कशाले? अन् हा तुहा डबा मले देऊन राहिली, दोन्ही दुसऱ्या चॅनलवर लावून... कानात घालू? हे एवढंसं? बरं. घातलं. तू दिसत नाही आता मले. बटन कोणतं, हे का — दाबलं. काय म्हणू? नूपुरसारखं विचारू? हे काय पोरखेळ आहे... विचारतो बाप्पा. मोकळं का वं?

...

अवं, तिकडे बैल आहे का कोणाचा? कोण होऽ म्हणून राहिलं? हाकल त्याले, रस्त्यात येईन.

इकडे ये. इकडे ये तू अगोदर. काय म्हटलं तू? हव म्हटलं? खोटं नको बोलू, मी म्हाताऱ्या माणसाची मजाक नाही सहन करत. माह्यासारखंच म्हटलं? लांबवून? जा परत. पुन्हा म्हण. मी विचारतो — मोकळं का?

...

आईच्या गावात.

बस. नको म्हणू आता. ये, बस इथं. माहा हात पाहिला का तू? नाही पाहिला, तू मागं होती. मूठ वळली माही. पोटाशी आली. ना बैल, ना कासरा, लंगड्या खुर्चीवर बसलेला मी, अन् मूठ पोटाशी... परत सांग. हळू सांग. बटन दाबल्या-दाबल्या बोललं की पहिलं अक्षर डबा गिळते. हव. अन् मी मागचं लांबवतो. तं पुढचं डब्यानं खाल्लं अन् मागचं मी ताणलं, अन् राहिलं काय — ओऽ, कानाले ते होऽच. तो डबाही बेकार अन् मीही. म्हणजे ते मोकळं का विचारते अन् तिचा आजा तिच्या कानात म्हणते थांब. अन् तिचा पाय विचार करत नाही, मीच सांगून ठेवलं विचार नाही कराचा म्हणून.

अन् तू म्हणशीन लांबवता काहून. लांबवतो म्हणजे... ते तिकडून येते नं, अशी धुळीचा भोवरा घेऊन, अन् मले तिचं डोकंही दिसत नाही काचेतून. हव म्हणलं तं सोडून देल्यासारखं होते. म्हणून तो शब्द माह्याच्यानं लवकर सोडवत नाही. अन् तुले म्हणून सांगतो, तिकडे नको बोलू — ते इथं थांबली की मले बरं वाटे. ब्रेक मारला की धूळ बसे अन् तिचं तोंड दिसे. सगळे कपाळाले हात लावून उभे, अन् मी आपला पाहून राहिलो, हव, हातपाय शाबूत आहेत.

पण थांब. थांब जरा. मंग तिले कळलं असन नं? कळलंच असन, पहिल्याच वेळी. मले तुह्या दोन हवनं कळलं, तिनं तं सकाळपासून ऐकला. होऽ कोणाचा आहे हे तिले नाही तं कोणाले कळन? मंग ते आवाज फाटून येते काहून म्हणली? प्रेमानंदनं विचारलं — आवाज फाटून येते. बॅटरी बदलली — फाटूनच येते. अँटिना बदलला, हेल्मेट खोललं — फाटूनच. डब्यावर टाकलं, बॅटरीवर टाकलं, परक्याच्या लग्नावर टाकलं तिनं. माह्यावर नाही टाकलं. अन् मले सांगाले तिले जागाच नाही, डब्यात बोललं तं सगळा तंबू ऐकते. म्हणून ते पाणी घेऊन आली होती. ओके म्हणा म्हणे, आबाजी. अन् मी तिले कंडक्टर सांगितला.

बयाड आहे मी, बिलकुल बयाड.

नाही, ठीक आहे मले. पाणी नको. मी विचार करून राहिलो. ओके म्हणतो तं मंग, म्हणाले काय जाते — दे तो डबा, आमच्या चॅनलवर लावून, बटन बंदच ठेव, नुसतं म्हणून पाहतो. तू विचार मोकळं का. — हव, ओके. नाही नाही. पुन्हा विचार. — हव, ओक... अरे बाप्पा. पहिले तोच निघते. शाळा सोडल्यापासून ह्या तोंडात तोच भरला आहे, त्याले काढलं तं दात निघतीन सोबत. ‘चाल’ म्हणू? चाल चांगला आहे, बैलालेही चालते. विचार. — हव, चाल. हट्. थोडं थांबून बोला म्हणते तू, बटन दाबून एक श्वास घ्या? त्या एका श्वासात ते वळणाच्या पार असते पोरी. ते कुठं श्वास घेते?

जोडी चांगली पळून राहिली असली नं, तं आम्ही बोलत नव्हतो. सुटताना ओरडाचं जे ओरडाचं ते. पण मधी, जेव्हा दोघाईचे खूर एका ठोक्यात पडतेत, तेव्हा जो धुरकरी बोलला तो भैताड. बैल कान मागं करते बोललं की. अन् कान मागं गेले की पाय मागं येतेत. तेव्हा गप बसाचं. गप बसलं की जोडीले समजे, म्हातारा खूश आहे.

असं करू. तू जा तिच्याकडे. प्रेमानंदकडे नाही, सरळ तिच्याकडे, ते हेल्मेट घालाच्या अगोदर. तिच्या कानात सांग — आबाजी म्हणते, विचारू नको. मोकळं असलं तं मी गप. अडलं असलं तंच बोलन, अन् एकच शब्द बोलन, तो तुले ठाव आहे. मी नाही बोललो तं पाय काढाचा नाही. एवढं सांग. समजन तिले.

हव, डबाही तपासत राहीन मी पंधरा वेळा, बॅटरी मेली नाही हे पाहाले. वर लाल दिवा आहे, तो मी पाहत राहीन, तो विझला तं काठीले गमचा बांधून हलवीन, तेही तिले सांग. बिनडोक नाही मी. अन् प्रेमानंदनं विचारलं डबा कसा आहे, तं सांग चांगला आहे. मी मघा म्हटलं ते विसर. डबा चांगला आहे, म्हातारा चांगला आहे, शब्द खराब होता, काढून टाकला. अन् चहा त्याले म्हण ऋषिकेशले पाज.

काय? मी गप बसू शकन का? अवं मी — तू आल्यापासून बोललोच किती? बरं, बोललो. तू होती म्हणून बोललो. पटात एक माणूस होता का माह्याजवळ? तू गेली की नाही बोलणार. म्हणून तं म्हणून राहिलो, ऊठ. पेचकस राहिला तुहा. जा, पळ, गाड्या लावून राहिले ते ओळीत.

...

आली का परत? सांगितलं? काय म्हणली ते? — हसली? दात दिसले का? बरं. तिनं पट्टा बांधला? बरं. अन् तू काहून आली मंग, दुकान नाही का तुले? पाहाचं आहे. ठीक आहे, पाह्य, पण त्या दगडावर, तिकडे, माह्याकडे तोंड करू नको, तोंड दिसलं की मले बोलावं वाटते. पहिली गाडी सुटली. ते पिवळी. गेली पलीकडे... हव, निघाली. मोकळं आहे. दुसरी आमचीच. धूळ उठली पाह्य. आता मी बटनावरचं बोट काढून घेतो. बोट मांडीखाली ठेवतो. आता गप. गप म्हणजे गप.

...

...

गेली.

ब्रेकचा लाल दिवा लागला का, गाडीच्या मागचा? मले नाही दिसला. तुले दिसला? तुह्या जवान डोळ्यानं नाही दिसला तं मंग लागलाच नाही. अशी गेली पोरगी, माह्याकडे पाहिलंही नाही तिनं. पाहाचंही नाही असते — काय? काय म्हणून राहिली तू?

शू. नको बोलू. अजून चक्करी बाकी आहेत.